हरले सेनापती, खटला मात्र दुहीवर

१९४० च्या फ्रान्सचा विषय मराठीत निघाला की चर्चा दोन वाक्यांत आटोपते. फ्रेंच आपसांत भांडत बसले म्हणून सहा आठवड्यांत बुडाले, हे पहिलं. बुडाल्यावर अर्धे लोक जर्मनांना फितूर झाले, हे दुसरं. मग कोणीतरी ‘आपलं तरी काय वेगळं’ म्हणत पानिपताकडे वळतं आणि सगळ्यांचं समाधान होतं. अलीकडे हाच वाद पुन्हा वाचनात आला, या वेळी जरा तावातावाने चाललेला. एकाचं म्हणणं, डाव्यांच्या संपांनी देश आतून पोखरला. दुसऱ्याचं, उजव्यांना घरच्या समाजवाद्यांपेक्षा हिटलर बरा वाटत होता. दोघे एकमेकांवर तुटून पडले होते, पण दुहीने फ्रान्स बुडाला यावर दोघांचंही एकमत. मला नेमकं तेच मान्य नाही. फ्रान्स रणांगणावर हरला आणि सेनापतींच्या चुकांनी हरला. दुहीचं कारण मागाहून पुढे आलं, आणि ते पुढे करणाऱ्यांच्याच हातात त्या पराभवाने सत्ता दिली होती. पुढे जर्मनांशी जी हातमिळवणी झाली, तीही भांडणाऱ्या लोकांनी आपापसांतल्या रागापोटी केलेली नव्हती. उठताबसता एकीचा जप करणाऱ्या सरकारने ती केली, कागदोपत्री, रीतसर.

आधी रणांगण. १० मे १९४० रोजी जर्मनांनी चाल केली तेव्हा फ्रेंचांकडे रणगाडे कमी नव्हते. संख्येत ते बरोबरीचे होते, आणि सोमुआ किंवा बी-१ या फ्रेंच रणगाड्यांचं चिलखत व तोफ बहुतेक जर्मन रणगाड्यांपेक्षा दणकट होती. गफलत मांडणीत झाली. सरसेनापती गामलाँ यांनी आपल्या उत्तम फौजा बेल्जियममध्ये पुढे काढल्या, आणि हाताशी राखून ठेवायची सातवी आर्मी हॉलंडातल्या ब्रेडाकडे रवाना केली. जर्मनांचा मुख्य घाव आला आर्देनच्या जंगलातून. तिथल्या अरुंद रस्त्यांवर वाहनांच्या मैलोन् मैल रांगा लागल्याचं फ्रेंच वैमानिकांनी कळवलं होतं, पण वरच्यांनी ते मनावर घेतलं नाही. १३ मे रोजी सेदाँपाशी जर्मनांनी म्यूज नदी ओलांडली तेव्हा समोर होती चाळिशीकडे झुकलेल्या, जेमतेम शिकवलेल्या राखीव सैनिकांची डिव्हिजन. तीन दिवसांनी चर्चिल धावतपळत पॅरिसला आला आणि त्याने विचारलं, राखीव फौज कुठे आहे? गामलाँचं उत्तर एका शब्दाचं होतं: नाही. या गृहस्थांचं मुख्यालय पॅरिसच्या कडेला व्हँसेनच्या किल्ल्यात होतं आणि तिथे बिनतारी यंत्र नव्हतं. निरोप मोटारसायकलवरून जायचे. आता यात कामगारांचा संप कुठे आला? १९३६ मधलं लेओं ब्लुमचं समाजवादी सरकार कुठे आलं?

बरं, फ्रेंच शिपाई लढलेच नाहीत म्हणावं, तर तेही खरं नाही. सेदाँच्या दक्षिणेचं स्तोन हे खेडं काही दिवसांत सतराएक वेळा या हातातून त्या हातात गेलं. लील शहरात कोंडल्या गेलेल्या फ्रेंच तुकड्या मेअखेरपर्यंत झुंजत राहिल्या. डंकर्कहून इंग्रज निसटले त्यात या झुंजीचा वाटा होता, आणि जर्मनांनीच त्यांना शरण येताना सलामी दिली. त्या सहा आठवड्यांत पडलेल्या फ्रेंच सैनिकांचे अंदाज ५८ हजारांपासून ९० हजारांपर्यंत जातात. लढायची इच्छाच नसलेली फौज इतकी माणसं गमावत नाही.

तरीही दुहीवाल्यांच्या हातात पुरावा नाही असं कोण म्हणेल? ६ फेब्रुवारी १९३४ च्या रात्री उजव्या संघटनांचा जमाव संसदेवर चालून गेला, गोळीबार झाला, माणसं मेली. १९३६ च्या फेब्रुवारीत लेओं ब्लुमला भर पॅरिसमध्ये गाडीतून ओढून मारहाण झाली, आणि काही महिन्यांतच तोच माणूस पंतप्रधान झाला. त्याचं ज्यू असणं आणि समाजवादी असणं, दोन्ही अनेकांना सारखंच खुपत होतं. दुसऱ्या टोकाला कम्युनिस्ट. ऑगस्ट १९३९ मध्ये स्टालिनने हिटलरशी करार केल्यावर त्यांच्या पक्षाने युद्धालाच विरोध सुरू केला, आणि त्यांचा पुढारी मोरिस तोरेझ पलटण सोडून मॉस्कोला गेला. यापेक्षाही वजनदार मुद्दा सहसा कोणी काढत नाही, म्हणून मीच काढतो. १९३४ मध्ये द गॉल नावाच्या लेफ्टनंट कर्नलने व्यावसायिक चिलखती फौजेची कल्पना मांडली. ती बाजूला पडली त्याचं एक कारण असं की, पगारी फौज उद्या आपल्यावरच उलटेल अशी प्रजासत्ताकवाद्यांना धास्ती होती. म्हणजे राजकीय अविश्वास थेट लष्कराच्या बांधणीत उतरला होता. हे कबूल करायलाच हवं.

पण कबुली द्यायची ती एवढीच. ब्रेडाकडे राखीव फौज पाठवणं कोणत्या पक्षाच्या कार्यक्रमात होतं? आर्देनमधून कोणी येऊ शकत नाही, असं संरक्षणमंत्री म्हणून १९३४ मध्ये सिनेटच्या समितीपुढे सांगितलं ते पुढे पराभवानंतर सत्तेवर आलेल्या मार्शल पेताँनी. जंगलाच्या तोंडाशी थोडी तयारी ठेवली तर, एवढीच त्यांची अट होती. फौजेवरचा खर्च आखडता घेतला गेला तो त्यांच्याच काळात. ब्लुमच्या ज्या ‘संपवाल्या’ सरकारच्या नावाने खडे फोडले जातात, त्याने सप्टेंबर १९३६ मध्ये १४ अब्ज फ्रँकचा शस्त्रनिर्मितीचा कार्यक्रम मंजूर केला. सेनाधिकाऱ्यांनी मागितले होते ९ अब्ज. मागितल्यापेक्षा जास्त देणारं सरकार देश पोखरतं, हा तर्कच अजब आहे.

आता १९१४ आठवा. तेव्हाचं फ्रान्स काय एकजीव होतं? ड्रायफस या ज्यू सेनाधिकाऱ्यावरच्या देशद्रोहाच्या खोट्या खटल्याने घराघरांत, जेवणाच्या टेबलावर माणसं एकमेकांवर उठली होती. १९०५ मध्ये चर्च आणि सरकार यांची फारकत झाली, ती रस्त्यावरच्या मारामाऱ्यांसह. युद्ध सुरू होण्याच्या तोंडावर, ३१ जुलैला, समाजवाद्यांचा पुढारी ज्याँ जोरेसचा पॅरिसच्या उपाहारगृहात खून झाला. त्याच फ्रान्सने पुढे चार वर्षं मार खाऊन तग धरला. सप्टेंबर १९१४ मध्ये मार्नची लढाई हातून गेली असती, तर ड्रायफसच्या भांडणाने फ्रान्स बुडवलं हे आज आपण तितक्याच खात्रीने वाचलं असतं. उलट बाजूने पाहा: १९३९ मध्ये पोलंड हिटलरपुढे एकदिलाने उभं होतं. किती आठवडे टिकलं? इंग्रजांचं म्हणाल, तर मे १९४० च्या अखेरीस लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळातही मुसोलिनीमार्फत तहाची चाचपणी करावी का, यावर दिवसेंदिवस खल चालला होता. त्यांच्या आणि जर्मनांच्या मध्ये खाडी होती. फ्रेंचांच्या आणि जर्मनांच्या मध्ये म्यूज नदी होती. पानिपताचंही तेच करतो आपण. कोण कोणाशी अबोला धरून होतं याची यादी तोंडपाठ असते, पण रसद तुटल्यावर भाऊंची छावणी किती आठवडे उपाशी होती ते शेवटच्या ओळीत येतं.

पराभवाला नैतिक कारण शोधायची सवय फ्रेंचांना जुनी आहे. पॅरिसला जाऊन आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाच्या अल्बममध्ये मोंमार्त्रच्या टेकडीवरचं पांढरंशुभ्र सॅक्रे-कर देऊळ असतंच. ते उभं राहिलं १८७० च्या पराभवाचं प्रायश्चित्त म्हणून. प्रशियाने आपल्याला हरवलं याचं मूळ तोफांपेक्षा आपल्या पापांत आहे, असं मानणाऱ्या भाविकांनी तो नवस बोलला होता. १९४० मध्ये पेताँनी तेच केलं, फक्त देवळाऐवजी राज्य उभारलं. २० जूनच्या भाषणात त्यांनी देशाला सांगितलं की, भोगाची वृत्ती त्यागाच्या वृत्तीवर मात करून गेली. तेव्हा लाखो माणसं गाद्या-भांडी गाड्यांवर लादून रस्त्यांवर होती. त्यांना सांगण्यात येत होतं की, चूक तुमची आहे.

हे भाबडेपणाने घडलं नाही. त्याआधीच्या आठवड्यात काय झालं ते पाहण्यासारखं आहे. १३ जूनला, सरकार पॅरिस सोडून त्यूरच्या आसपास फिरत असताना, नवे सरसेनापती वेगाँ यांनी मंत्रिमंडळाला बातमी दिली: पॅरिसमध्ये कम्युनिस्टांनी उठाव केलाय, तोरेझ राष्ट्राध्यक्षांच्या महालात बसलाय. गृहमंत्री जॉर्ज मांदेल उठले, पॅरिसच्या पोलीस प्रमुखांना फोन लावला आणि शहर शांत असल्याचं तिथल्या तिथे वदवून घेतलं. तोरेझ तर देशातच नव्हता. पंतप्रधान रेनो यांचा प्रस्ताव होता की, लष्कराने रणांगणावर शरणागती पत्करावी आणि सरकारने आफ्रिकेत जाऊन लढा चालू ठेवावा. डच तसेच वागले होते. राणी आणि सरकार लंडनला गेलं होतं. वेगाँनी साफ नकार दिला, लष्कराच्या अब्रूला ते बट्टा लावणारं आहे म्हणून. शरणागती आणि शस्त्रसंधी हे दोन शब्द मराठीत आपण एकाच दमात वापरतो, पण सगळी मेख त्यांच्यातल्या फरकात आहे. शरणागतीवर सही सेनापतीची असते, शस्त्रसंधीवर सरकारची. पराभव कोणाच्या खात्यावर टाकायचा, याचा निकाल तिथे लागला.

हा निकाल कोर्टातही लावून घ्यायची शस्त्रसंधीनंतर विशी गावातून कारभार करणाऱ्या पेताँच्या सरकारला, म्हणजे विशी सरकारला, घाई होती. माजी पंतप्रधान ब्लुम व दालादिए आणि सेनापती गामलाँ यांच्यावर रिओम गावात खटला उभारला गेला. त्यातही गंमत अशी की, सुनावणी सुरू व्हायच्या आधीच ऑक्टोबर १९४१ मध्ये पेताँनी आरोपींना किल्ल्यात कैद फर्मावली होती. आधी शिक्षा, मग खटला! फेब्रुवारी १९४२ मध्ये काम सुरू झालं. चौकशीचा काळ मोजून १९३६ पासून धरला होता, म्हणजे मार्शलसाहेबांचं मंत्रिपद त्यातून आपसूक वगळलं जावं. ब्लुम आणि दालादिए वकिली बुद्धीचे. त्यांनी कागद काढून १९३४ चे आकडे मांडले, १४ अब्जांचा हिशेब दिला आणि आरोपीच्या पिंजऱ्यातून फिर्यादीचीच उलटतपासणी घेतली. गामलाँ शेवटपर्यंत गप्प बसले. तिकडे हिटलर वेगळ्याच कारणाने चिडला: युद्ध सुरू केल्याचा गुन्हा सोडून या लोकांवर तयारी कमी केल्याचा गुन्हा कसा? एप्रिलमध्ये खटला गुंडाळला गेला, निकाल लागलाच नाही. ‘दुहीने फ्रान्स बुडालं’ हे म्हणणं एकदाच साक्षीपुराव्यांना सामोरं गेलं, आणि दोन महिन्यांत पळालं. आपण मात्र ते आजही सिद्ध झाल्यासारखं वापरतो.

आता हातमिळवणीकडे वळू. मराठीत ‘सहकार’ म्हटलं की साखर कारखाना आणि पतपेढी आठवते. फ्रेंचमधला ‘कोलाबोरासियों’ हाही १९४० पर्यंत तसाच साधा, कचेरीतला शब्द होता. ऑक्टोबर १९४० मध्ये मोंत्वारच्या रेल्वे स्टेशनवर हिटलरशी हस्तांदोलन करून आल्यावर पेताँनी रेडिओवर स्वतःच तो वापरला: मी आज सहकार्याच्या वाटेवर पाऊल टाकत आहे. म्हणूनच ‘फितुरी’ हा आपला शब्द इथे नीट बसत नाही. फितूर माणूस रात्री दिंडी दरवाजा उघडतो. इथे दरवाजा दिवसाढवळ्या, ठराव करून, जावक क्रमांकासह उघडला गेला. १० जुलै १९४० रोजी विशीच्या कॅसिनोत भरलेल्या संसदेने ५६९ विरुद्ध ८० मतांनी पेताँना सर्वाधिकार दिले. यातलं कनिष्ठ सभागृह १९३६ मध्ये निवडून आलेलं, डाव्यांच्या बहुमताचं होतं. कम्युनिस्टांना तेवढं आधीच काढलेलं होतं. पक्षभेद विसरून देश एक झाल्याचं दृश्य पाहायचं असेल तर ते हेच. त्या एकीतून काय निघालं? फ्रीमेसनांच्या गुप्त मंडळांवर बंदी, कामगार महासंघ बरखास्त, आणि अलीकडे नागरिकत्व मिळालेल्यांच्या कागदपत्रांची फेरतपासणी. ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ जाऊन तिथे ‘श्रम, कुटुंब, पितृभूमी’ आलं. ३ ऑक्टोबर १९४० चा ज्यूविरोधी कायदा विशीने जर्मनांचा हुकूम नसताना केला. देशाला दुहीचा रोग झालाय असं निदान करणाऱ्या वैद्याने पहिलं औषध म्हणून देशाचे लचके तोडले.

यावर पेताँच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही: विशी ही ढाल होती. फ्रान्समधून सुमारे ७६ हजार ज्यूंना छळछावण्यांकडे पाठवलं गेलं, त्यातले अडीच हजारांच्या आसपास परत आले. पण देशातले तीनचतुर्थांश ज्यू वाचले. सरकार लंडनला गेलेल्या हॉलंडमध्ये प्रमाण बरोबर उलटं, तीनचतुर्थांश गेले. मग सरकार जागेवर राहिलं हे बरंच झालं, नाही का? आकडे खरे आहेत. पण हॉलंड सपाट, लहान, दाट वस्तीचा देश. फ्रान्सला डोंगर आहेत, स्पेन आणि स्वित्झर्लंडच्या सीमा आहेत, आणि आग्नेय भाग सप्टेंबर १९४३ पर्यंत इटालियनांच्या ताब्यात होता, जे ज्यूंना सोपवायला तयार नव्हते. शिवाय ढाल म्हणवणाऱ्याने केलं काय? जुलै १९४२ मध्ये जर्मन प्रौढ माणसं मागत होते, सोळा वर्षांखालची मुलंही घेऊन जा असं विशीचा पंतप्रधान लाव्हालने सुचवलं. ज्या दक्षिण भागात तेव्हा जर्मन फौज नव्हती, तिथून ऑगस्टमध्ये सुमारे दहा हजार ज्यू विशीच्या पोलिसांनी गाड्यांत भरले. हा वेग मंदावला तो केव्हा? तुलूझचे आर्चबिशप सालिएज यांनी चर्चमधून निषेधाचं पत्र वाचायला लावलं, लोकांत कुजबुज वाढली आणि लाव्हालला पुढचा हप्ता देणं जड जाऊ लागलं, तेव्हा. ढाल होती खरी. पण ती शेतकऱ्याच्या माळ्यावर, मठात आणि शाळेच्या हजेरीपटातल्या खोट्या नावांत होती.

मग ‘सगळेच सामील होते’ हा दुसरा आळशी निकालही टिकत नाही. १६ आणि १७ जुलै १९४२ रोजी पॅरिसमध्ये ज्यूंची धरपकड झाली. पोलिसांच्या यादीत सत्तावीस हजारांवर नावं होती, सापडले १३,१५२. त्यात चार हजारांहून जास्त मुलं होती. धरणारे पोलीस फ्रेंच होते, एकही जर्मन दारात आला नाही. पण यादीतली उरलेली निम्मी माणसं निसटली, त्यात आदल्या दिवशी कोणी चिठ्ठी टाकली, कोणी जिन्यात कानात सांगितलं, याचा मोठा हात होता. आणि सांगणाऱ्यांत पोलीसही होते. त्याच आठवड्यात नान्सी शहरात परदेशी नागरिकांचं खातं सांभाळणाऱ्या पोलिसांनीच घरोघर जाऊन सावध केलं, आणि बहुतेक लोक वाचले. एकच गणवेश, एकच आठवडा. याला ‘फ्रेंच समाज’ असं एक नाव देऊन निकाल कसा लावायचा?

डावा-उजवा या मोजपट्टीनेही हिशेब लागत नाही. माजी समाजवादी मार्सेल देआ आणि कम्युनिस्ट पक्षात वाढलेला जाक दोरिओ जर्मनांच्या कच्छपी लागले. ज्योझेफ दार्नाँ तर दोन्ही युद्धांत मर्दासारखा लढलेला, १९४० मध्येसुद्धा. पुढे त्यानेच मिलीस नावाची निमलष्करी टोळी चालवून स्वतःच्या देशबांधवांची शिकार केली. उलट ऑनरे देस्तिएन दॉर्व्ह हा राजनिष्ठ घराण्यातला कॅथलिक नौदल अधिकारी ऑगस्ट १९४१ मध्ये जर्मनांच्या गोळ्यांना सामोरा गेला. मांदेल पुराणमतवादी होते, त्यांना मिलीसने जुलै १९४४ मध्ये जंगलात नेऊन मारलं. मिसाक मानूशियान आर्मेनियन निर्वासित आणि कम्युनिस्ट, त्याला त्याच वर्षी फेब्रुवारीत मों-व्हालेरियाँच्या टेकडीवर उभं करून गोळ्या घातल्या. लंडनहून लढा चालू ठेवणाऱ्या द गॉलला फ्रेंच साम्राज्यातून पहिला मोठा होकार आला तो चाडच्या फेलिक्स एबुए या कृष्णवर्णी गव्हर्नरकडून. आपलं पाँडिचेरीही सप्टेंबर १९४० मध्ये त्याच बाजूला गेलं. चहूकडून ब्रिटिश हद्द असताना त्यात फारसं धाडस नव्हतं, पण विशीशिवाय पर्याय नव्हता असं म्हणणाऱ्यांनी नकाशा तरी पाहावा.

आणि जर्मनांविरुद्धच्या भूमिगत प्रतिकाराने दुहीचं काय केलं? ती मिटवली नाही. २७ मे १९४३ रोजी पॅरिसमध्ये, र्यू द्यू फूर या गल्लीतल्या एका घरात, द गॉलचा प्रतिनिधी ज्याँ मुलाँने आठ भूमिगत संघटना, दोन कामगार महासंघ आणि सहा राजकीय पक्ष यांचे प्रतिनिधी एका टेबलाभोवती बसवले. कम्युनिस्टांपासून जुन्या उजव्यांपर्यंत सगळे. बदनाम झालेले पक्ष आत घेऊ नयेत म्हणून द गॉलच्याच गोटातून त्याला कडवा विरोध झाला होता. मुलाँ हटला नाही. हा तोच माणूस, ज्याने जून १९४० मध्ये शार्त्रचा प्रीफेक्ट, म्हणजे जिल्हाधिकारी, असताना मार खाऊनही जर्मनांच्या कागदावर सही केली नव्हती. फ्रेंच सैन्यातल्या सेनेगाली शिपायांनी अत्याचार केले असं त्या कागदावर धादांत खोटं लिहिलेलं होतं. सही करावी लागेल या भीतीने त्याने कोठडीत काचेने स्वतःचा गळा चिरला. वाचला तो योगायोगाने.

त्या बैठकीनंतर महिनाही झाला नव्हता. २१ जूनला लिआँजवळच्या काल्विरमध्ये, एका डॉक्टरच्या घरी, मुलाँ पकडला गेला. इथे मात्र ‘फितुरी’ हा शब्द अस्सल अर्थाने लागू असावा. संशय रने हार्डी या सहकाऱ्यावर गेला, १९४७ मध्ये आणि १९५० मध्ये दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा तो सुटला, आणि फ्रान्समध्ये यावर वाद चालूच राहिला. ज्यूविरोधी कायद्याबद्दल असा कसलाही संशय नाही. तो १८ ऑक्टोबर १९४० च्या सरकारी राजपत्रात सह्यांसकट छापलेला आहे. त्याचा मसुदा २०१० मध्ये उजेडात आला. पिढ्यान् पिढ्या फ्रेंच असलेल्या ज्यू घराण्यांना त्यात सूट ठेवली होती. पेताँचं म्हणून ओळखल्या गेलेल्या हस्ताक्षरात ती ओळ खोडलेली आहे.